व्यसनी हा पातकी की रोगी?

बसवादी शरणांची नामावली वाचताना त्यांच्या कायकांची विविधता प्रथम डोळ्यांत भरते. मडिवाळ माचय्या वस्त्रे धुणारे, अंबिगर चौडय्या नाव वल्हवणारे, नुलिय चंदय्या दोर वळणारे, मोळिगे मारय्या लाकडाची मोळी विकणारे. याच नामावलीत दोन नावे अशी आहेत की त्यांच्याकडे आपल्या प्रवचनकारांचे फारसे लक्ष जात नाही. एक हेंडद मारय्या, दुसरे वैद्य संगण्णा. कन्नडमध्ये हेंड म्हणजे ताडी-शिंदी. ती विकणे हा मारय्यांचा धंदा. संगण्णा नावाप्रमाणेच वैद्य. दोघांचीही वचने आज उपलब्ध आहेत. मारय्या आपल्या धंद्यातलेच शब्द घेऊन परमार्थ सांगतात. संगण्णा रोग आणि औषध यांच्या परिभाषेत भवरोगाविषयी बोलतात. शरणसमुदायाने वैद्याला आपले म्हटले तसे ताडीवाल्यालाही आपले म्हटले. ताडीवाल्याला आपला म्हणताना ताडीला आपली म्हटले नाही, हेही तितकेच खरे.

ही दोन नावे आज एकत्र घेण्याचे कारण म्हणजे मठात वारंवार येणारी एक विनंती. श्रावण महिन्यात आणि बसवजयंतीच्या सुमारास तर ती हटकून येते. "अप्पाजी, याला शपथ द्या." आणणारी बहुधा आई असते किंवा पत्नी. सोबत मान खाली घातलेला एक पुरुष असतो. तिची अपेक्षा अशी की, त्याने गुरूसमोर इष्टलिंगावर हात ठेवून दारू सोडल्याचे वदावे आणि त्या क्षणापासून घर पूर्ववत व्हावे.

या विनंतीमागची श्रद्धा आम्ही जाणतो. शपथेने सुटलेली माणसे आहेत, हेही नाकारत नाही. इळकलच्या चित्तरगी विजयमहांतेश मठाचे लिंगैक्य डॉ. महांत शिवयोगी यांची 'महांत जोळिगे' सीमाभागातील जुन्या भक्तांना आठवत असेल. खांद्याला झोळी अडकवून हे स्वामीजी दारोदार जात, आणि भिक्षेत धान्य न मागता व्यसन मागत. कुणी बिडीचे बंडल टाकी, कुणी गुटख्याची पुडी, कुणी दारू सोडल्याचे वचन. २०१८ साली ते लिंगैक्य झाले. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटक शासन व्यसनमुक्त दिन म्हणून पाळते. त्या झोळीने असंख्य संसार सावरले. पण तिचे सामर्थ्य केवळ शपथेत होते असे आम्हांस वाटत नाही. मठाधीश स्वतः पिणाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत चालत गेला, हे त्यातले मोठे. आपण नेमका तेवढा भाग विसरलो. शपथ घेण्यासाठी पिणाऱ्यालाच ओढत मठात आणतो आणि ती मोडली की त्याच्याशी बोलणे सोडतो.

गेल्या काही महिन्यांतील एक प्रसंग सांगतो. खेड्यातील एक वृद्ध माता आपल्या चाळिशीतील मुलाविषयी बोलायला आली. मुलगा बरोबर नव्हता.

"अप्पाजी, तुम्ही एकदा त्याला बोलवून वदवून घ्या. तुमचं तो ऐकंल."

"या आधी कधी शपथ घेतली होती का, आई?"

"तीनदा घेतली. पहिली पंधरा दिवस टिकली, दुसरी आठ. तिसरी दुसऱ्याच रात्री मोडली."

"आता तो लिंगपूजेला बसतो का?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिसरी मोडली तवापासनं गळ्यातलं लिंगच काढून ठेवलंय त्यानं. देवघरात करंड्यात हाय. म्हणतो, माझा हात लावायच्या लायकीचा न्हाई."

"दवाखान्यात दाखवलं का?"

"दवाखान्यात नेलं की गावात नाव होतंय, अप्पाजी. शपथ घेतली तर कुणाला कळत न्हाई."

सद्भक्तहो, या बोलण्यात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही गंभीर आहेत. मोडलेल्या शपथेने त्या माणसाची दारू सुटली नाही, लिंग मात्र सुटले. एरवी लिंगायताच्या घरात इष्टलिंग देहावेगळे होणे ही केवढी आपत्ती! येथे ती श्रद्धेच्या पोटीच ओढवली. तो नास्तिक झाला असता तर लिंग काढून करंड्यात जपून ठेवले नसते. दुसरी गोष्ट, औषधोपचार ही लाज आणि शपथ ही अब्रू, असे समीकरण आपल्या घराघरांत बसले आहे. ते कोठून आले, हे पाहिले पाहिजे.

संस्कृतात या विषयाचा विचार दोन निरनिराळ्या शास्त्रांनी केला आहे. धर्मशास्त्राने सुरापान हे महापातक मानले. मनुस्मृतीत ते ब्रह्महत्येच्या पंक्तीस बसते, आणि त्याचे एक प्रायश्चित्त असे की, पिणाऱ्याने उकळती सुरा पिऊन देह जाळून घ्यावा. आयुर्वेदाने त्याच गोष्टीकडे वैद्याच्या दृष्टीने पाहिले. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय सबंध मदात्यय या व्याधीला दिलेला आहे. सुश्रुतानेही उत्तरतंत्रात पानात्ययाचा स्वतंत्र अध्याय लिहिला. तेथे लक्षणे आहेत, प्रकार आहेत, आहार आणि औषध आहे. इतकेच नव्हे तर, ज्याने मद्य सोडले आहे त्याने एकदम पुन्हा पुष्कळ घेतले तर ध्वंसक आणि विक्षय नावाचे विकार होतात, असेही चरक सांगतो. म्हणजे सोडणारा पुन्हा घसरतो, हे त्या वैद्यांना ठाऊक होते आणि अशा घसरलेल्याचीही चिकित्सा ते करीत होते. भाषा एकच, परंतु एका शास्त्राच्या हाती उकळते भांडे आहे आणि दुसऱ्याच्या हाती औषधाचे.

शरणांनी स्मृतीची चौकट मोडली. कुळावरून माणसाची किंमत करणे त्यांनी नाकारले. मग त्यांच्या वारसांनी व्यसनाच्या बाबतीत मात्र स्मृतिकारांची नजर का वापरावी? वैद्य संगण्णा आपल्या परंपरेत असताना आपण पिणाऱ्याकडे मनूच्या डोळ्यांनी पाहतो, ही गंमत नव्हे, विसंगती आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. व्यसनी हा पातकी की रोगी? एक निवृत्त शिक्षक, आमचे जुने स्नेही आणि वचनांचे चांगले अभ्यासक, यांनी या विषयावर आमच्याशी बराच वाद घातला. त्यांचे म्हणणे असे : "स्वामीजी, मलेरिया डासाने होतो. दारूची बाटली कुणी डासासारखी येऊन चावत नाही. माणूस पायाने चालत जातो, खिशातून पैसे काढतो आणि पितो. याला रोग म्हटले की त्याला सवलत मिळाली. उद्या तो म्हणेल, मी काय करू, मला आजार आहे." हा आक्षेप उथळ नाही. पहिला पेला माणूस बहुधा आपल्या इच्छेने घेतो, हे मान्यच करावे लागते.

परंतु पहिला पेला आणि दहा वर्षांनंतरचा पेला ही एकच कृती नव्हे. चरकाने प्रज्ञापराधाचा विचार करताना बुद्धीची तीन अंगे मानली : धी, धृती आणि स्मृती. धी म्हणजे बरेवाईट कळणे, धृती म्हणजे मनाला आवरून धरण्याची शक्ती, स्मृती म्हणजे अनुभव ध्यानात राहणे. जुनाट व्यसनी माणसाची धी बहुधा शाबूत असते. दारू वाईट हे त्याला आपल्यापेक्षा अधिक कळते. त्याच्याइतके तिचे दुष्परिणाम कुणी भोगलेले नसतात. त्याची गेलेली असते ती धृती. आणि शपथ मागते ती नेमकी धृतीच! ज्याचा पाय मोडला आहे त्याला हाडवैद्याकडे धावत जा म्हणावे, तसे हे झाले. तो तीनदा धावू लागला, तीनदा पडला. आपण त्याला खोटारडा म्हणालो आणि त्यानेही ते मानले.

धृती जाते म्हणजे काय होते, याचे उत्तर आता केवळ तत्त्वज्ञानात शोधण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे मद्य पोटात जात राहिले की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मद्य मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू आपली उत्तेजना वाढवून तोल साधतो. मद्य अचानक बंद झाले की वाढलेली उत्तेजना तशीच राहते. सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप जाते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे दिसतात, ताप चढतो. उपचार न झाल्यास या अवस्थेत मृत्यूही येतो. सर्वांचेच असे होत नाही. परंतु रोज, सकाळपासून पिणाऱ्याच्या बाबतीत हा धोका खरा आहे, आणि ज्याला पूर्वी कधी फिट आली असेल त्याच्या बाबतीत अधिकच.

याचा पडताळा देशाने पाहिला आहे. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि दारूची, ताडीची दुकाने एकाएकी बंद झाली. तेव्हा हैदराबादच्या एर्रगड्डा येथील शासकीय मनोरुग्णालयात भ्रम आणि कंप झालेल्या रुग्णांची रीघ लागली. केरळात काहींनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. त्या माणसांना कुणी शपथ दिली नव्हती. दुकानाचे दार बंद झाले होते, एवढेच. आता विचार करा, एखाद्या खेड्यात भावांनी शपथ घालून माणसाला माडीवर कोंडले आणि तिसऱ्या रात्री तो ओरडू लागला, तर "अंगात आलेय" किंवा "दारूसाठी नाटक करतोय" असेच घरचे म्हणतील. असे प्रसंग आमच्या कानांवर आले आहेत, आणि त्यांतील सगळे जण वाचलेले नाहीत.

म्हणून आम्ही स्पष्ट लिहितो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीवाचून एकदम दारू तोडायला लावणे हे पुण्यकर्म नव्हे. रुग्णालयात यासाठी उत्तेजना शमवणारी औषधे देतात आणि काही दिवसांत ती उतरवीत नेतात. जोडीला ब-१ जीवनसत्त्व देतात. अपथ्य एकदम न सोडता पादांशाने, म्हणजे चतकोर चतकोर भागाने सोडावे, असे चरकाच्या सूत्रस्थानात आहे. त्या वैद्याने जे निरीक्षण केले त्याचे मर्म आजच्या औषधोपचारात आढळते. मात्र याचा अर्थ घरीच "आज अर्धी, उद्या पाव" असा हिशेब करावा असा कुणी घेऊ नये; आवरून घेण्याची शक्तीच गेलेल्या माणसाच्या हाती माप देऊन काय होणार?

मग आमच्या शिक्षक-मित्रांच्या आक्षेपाचे काय? रोग म्हटला की जबाबदारी संपते का? आम्हांस वाटते, ती संपत नाही, जागा बदलते. तल्लफ येणे हे त्याच्या हाती नाही; तल्लफेवर उपचार घेणे हे काही अंशी त्याच्या हाती आहे. दारूच्या भरात त्याने पत्नीवर हात उगारला तर आजाराच्या नावाखाली ते क्षम्य होत नाही. अशा वेळी तिने सहन करीत राहावे, असा कोणताही आचार शरणांनी सांगितलेला नाही, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या पाठीशी आहे. रुग्णाची शुश्रूषा करणे वेगळे आणि त्याचा मार खाणे वेगळे. हे वाक्य आमच्या भगिनींनी पुन्हा वाचावे.

परंतु "काही अंशी त्याच्या हाती" हे शब्द महत्त्वाचे. व्यसनी माणसाचे स्वातंत्र्य समूळ नष्ट होत नाही, आणि दिवसभर सारखेही राहत नाही. ते एखाद्या फटीसारखे मधूनच उघडते. बहुधा पहाटे, किंवा मुलीच्या लग्नाची बोलणी फिसकटल्यावर, किंवा रक्ताची उलटी झाल्यावर. त्या घटकेला तो म्हणतो, "मला कुठंतरी न्या." आणि घरात कुणालाच माहीत नसते, कुठे न्यायचे! शेजाऱ्याला विचारतात, तो चुलतभावाला विचारतो, संध्याकाळ होते आणि फट मिटते. २०१९ साली केंद्र शासनाने अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकरवी केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. मद्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला कोणत्याही प्रकारचा उपचार मिळाल्याचे तीत आढळले. उरलेल्या ३७ जणांत सगळेच हट्टी होते, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही.

पातकी की रोगी या प्रश्नाला आमच्या मते यामुळे निराळे वळण लागते. त्याच्या इच्छाशक्तीचा निवाडा करीत बसण्याआधी आपण हे विचारावे की, ती इच्छा घटकाभर जागी झाली तेव्हा तिच्यासमोर आपण कोणते दार उघडे ठेवले होते? पत्ता शोधणे हे त्याचे काम नाही. ज्यांची धृती शाबूत आहे त्यांचे ते काम आहे. गणाचाराचा अर्थ आपण बहुधा धर्मनिंदेचा प्रतिकार एवढाच करतो. गणातील कोसळलेल्याला गणाने उचलणे हाही त्यात येतो, असे आम्ही मानतो. आणि भृत्याचार तर सेवकभावच सांगतो. सेवकाने आधी जाऊन वाट पाहून ठेवायची असते.

तेव्हा वाट कशी शोधावी ते थोडे सांगतो. हे वचनभाष्याच्या मासिकात कशाला, असे कुणास वाटल्यास वाटो.

पहिले दार म्हणजे जिल्हा रुग्णालय. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तेथे मनोविकारतज्ज्ञांची सेवा असते. जेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे तेथे मनोविकार विभाग असतोच, आणि व्यसनाचा उपचार हा त्याच विभागाचा विषय आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडील भक्तांना धारवाडची डिम्हान्स ही शासकीय संस्था जवळ. गोव्यात बांबोळी येथे मनोविकार व मानवी वर्तन संस्था आहे. हैदराबादला एर्रगड्डा, वडोदऱ्याला कारेलीबागेतील शासकीय मनोरुग्णालय, इंदूरला बाणगंगा, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाला. 'मनोरुग्णालय' या शब्दाला बिचकू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्य आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकारांचा समावेश मानसिक आजारातच केला आहे. वडोदऱ्याचे भक्त म्हणतील, आमच्याकडे तर १९६० पासून दारूबंदीच आहे. बंदी असलेल्या राज्यातही पिणारे आहेत, आणि तेथे कायद्याच्या भयाने ते अधिक लपतात, एवढाच फरक.

फोन करायचा असल्यास व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा १४४४६ हा विनामूल्य क्रमांक आहे; जवळच्या अनुदानित केंद्राची चौकशी तेथे करता येते. मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हाही आहे, तेथे मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. हे दोन क्रमांक देवघराच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवा. फोन करणारा व्यसनी स्वतः असण्याची गरज नाही.

संस्थांपैकी पुण्याच्या मुक्तांगणचे नाव मराठी वाचकांना सांगायला नको. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी साहाय्य केले, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात हे केंद्र सुरू केले. तेथे रुग्ण पाच आठवड्यांच्या आसपास राहतो. मुक्तांगणचा विशेष आम्हांस असा वाटतो की, तेथे व्यसनातून बाहेर आलेली माणसेच पुढे इतरांना सांभाळतात, आणि पत्नींसाठीही स्वतंत्र गट आहेत. घरातील एकाचा आजार सगळ्या घराला जडलेला असतो, हे तेथे ओळखले गेले.

याच विचारावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ उभी आहे. १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात अक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य, दोघेही पट्टीचे पिणारे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ती जन्मली. भारतात ती १९५७ पासून आहे. तिच्या सभांना फी नाही, नावगाव विचारत नाहीत. तिची पहिली पायरी म्हणजे मद्यापुढे आपण हतबल झालो आहोत, हे कबूल करणे. "मी सोडीनच" हा तेथला आरंभ नाही, "माझ्याने सुटत नाही" हा आहे. शरण या शब्दाची फोड आपण प्रवचनात वेगवेगळ्या प्रकारे करतो. अहंकार ठेवून शरण होता येत नाही, हे मात्र सर्वच भाष्यकारांना मान्य आहे. आमच्या शपथेत पुष्कळदा अहंकारच बोलत असतो. पिणाऱ्याचा, आणि ती देणाऱ्या मठाचाही.

सर्वच केंद्रे चांगली आहेत असे नाही. मारहाणीच्या, साखळदंडाच्या, मृत्यूच्याही बातम्या आपण वाचतो. २०१७ च्या कायद्याने रुग्णास साखळीने बांधणे सर्वथा निषिद्ध केले आहे आणि अशा केंद्रांना राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी बंधनकारक केली आहे. म्हणून माणूस सोडण्यापूर्वी विचारा : नोंदणी दाखवा, डॉक्टर कोण आणि कधी येतात, रात्री फिट आली तर काय करता, आम्हांला भेटू देणार का, बाहेर आल्यावर पुढे किती दिवस पाहणार? "महिनाभर कुणी भेटायचे नाही आणि पैसे आगाऊ" असे म्हणणाऱ्या दारातून परत फिरा. रात्री घरातून गाडीत कोंबून नेण्यासाठी माणसे पाठवणाऱ्यांच्या तर वाटेलाही जाऊ नका.

आणखी एक. "रुग्णाच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर दिसतात आणि आमच्या माता पूड आणून आमटीत कालवतात. अशा पुडीत काय असते हे कुणी सांगत नाही. डॉक्टर डायसल्फिराम नावाची एक गोळी देतात, ती घेतल्यावर दारू प्यायल्यास छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीव जातो. म्हणून ती रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. शिवाय चोरून दिलेल्या औषधात एक नैतिक दोष आहे. ज्याची इच्छाशक्ती आपल्याला परत उभी करायची आहे त्याच्या इच्छेलाच आपण वगळतो. तो बरा झाला तरी आईच्या हातच्या जेवणावरचा त्याचा विश्वास गेलेला असतो.

दारूच्या जोडीला आता तरुणांत गांजा आहे, झोपेच्या गोळ्या आहेत, खोकल्याचे औषध बाटल्याच्या बाटल्या पिणे आहे. त्यांचे उपचार निराळे. पण शोधण्याची दारे हीच.

उपचार घेऊन आलेला माणूस पुन्हा पितो, तेव्हा घर कोसळते. "एवढे पैसे घातले, काय झाले?" मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला गावाबाहेर काढत नाही, डॉक्टरांकडे नेतो. येथेही तेच करायचे आहे, आणि लवकर. पुष्कळांना दोन-तीनदा जावे लागते. पहिली घसरण किती दिवसांनी झाली, कोणत्या प्रसंगी झाली, कुणासोबत झाली, हे पुढच्या उपचाराला उपयोगी पडते. म्हणून ते लपवण्याऐवजी लिहून ठेवावे. प्रायश्चित्ताच्या भाषेत याला जागा नाही. वैद्याच्या भाषेत आहे.

शपथ मग द्यायचीच नाही का? आमचा क्रम आता असा. आधी रुग्णालय, मग काही महिन्यांचा पाठपुरावा, आणि माणूस स्वतः म्हणाला तर शपथ. तीही जन्माची नव्हे, आजच्या दिवसाची. उद्या पुन्हा यावे, पुन्हा घ्यावी. हे रोजचे येणे हाच त्यातला मोठा लाभ. आणि जो मोडून येईल त्याने प्रसादाच्या पंक्तीत नेहमीच्या जागी बसावे. दासोहाच्या पंक्तीत वास घेऊन पाने वाढायची नसतात. आमच्या सेवेकऱ्यांना हे सांगून ठेवले आहे. एक-दोघांना ते पटलेले नाही, तेही खरे.

त्या मातेला आम्ही शपथेचा दिवस दिला नाही. मठाच्या एका भक्ताबरोबर धारवाडला जाण्याचा दिवस ठरवून दिला, आणि मुलगा त्या दिवशी नाही म्हणाला तर पुढचा सोमवार, त्यापुढचा सोमवार, असे तारखांचे कागदावर लिहून दिले.

राहिला प्रश्न लिंगाचा. अनेक जण विचारतात म्हणून सांगतो. ज्याने इष्टलिंग काढून ठेवले आहे त्याला ते पुन्हा धारण करण्यासाठी कोणतेही प्रायश्चित्त, दंड वा दक्षिणा नाही, आणि दारू आधी सुटली पाहिजे अशी अटही नाही. रुग्णालयात ते बरोबर न्यावे. काही वॉर्डांत सुरक्षेसाठी गळ्यात दोरा ठेवू देत नाहीत, तेव्हा हट्ट न करता शिवदोर काढून द्यावा आणि लिंग घरच्या माणसाने जपावे. भेटीच्या वेळी करपीठावर घेऊन पूजा करता येते. पहिल्या दिवसांत हात फार कापतो, लिंग पडेल ही भीती असते. अशा वेळी आईने किंवा पत्नीने आपला तळहात त्याच्या तळहाताखाली धरावा. बिल्वपत्र नसले तरी चालते.